वाडा विकतांना

गेल्या फाल्गुनांत पुण्यास जाण्याचा योग आला. सदाशिव पेठेंतील आमच्या आजोळचा वाडा विकावयाचें ठरलें असून, दिवंगत मातोश्रींचे वारस म्हणून आमचीही सही हवी होती.

शनिवारवाड्यापासून आम्ही पायींच निघालों. १७३२ सालीं पुरा झालेला तो राजवाडा १८२८ च्या आगींत भस्मसात् झाला. तट व जोतीं मात्र राहिलीं. पेठांतील वाडे आगीवांचूनच नाहींसे होत आहेत. पानिपतावर १७६१ त पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवाची ही पेठ. येथें किती चौकांच्या जागीं आतां मोटारी उभ्या असतात!

ह्यास केवळ लोभ कारण नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें बिऱ्हाडकरूंस आसरा दिला, हें योग्यच झालें. परंतु गोठलेल्या भाड्यांत कौलें परतण्याचाही खर्च निघेना. मालक डागडुजी करीना, बिऱ्हाडकरू जागा सोडीना, आणि तुळयांस वाळवी लागली. मग बांधणारा येतो. मालकांस व बिऱ्हाडकरूंस नव्या इमारतींत जागा देतो, उरलेल्या विकतो. त्याच्या हिशेबीं वाड्याचें मोल शून्य. मोल तें जमिनीचें व तीवर किती मजले चढतील ह्याचें.

आजोळीं मिळकतपत्रिका, जुनें खरेदीखत, वंशावळ असे सारे कागद मांडले होते. प्रत्येकाच्या वांट्याची जागा ठरली होती. वैधव्य आल्यापासून माजघरालगतच्या खोलींत राहिलेल्या मावशीपुढें मात्र हक्कसोडपत्र होतें.

"आत्या आमच्याकडेच राहणार, तिला वेगळा वांटा कशाला?" मामेबंधू म्हणाले.

आम्ही लेखणी खालीं ठेविली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वडिलांच्या मिळकतींत मुलीस वांटा दिला. २००५ च्या दुरुस्तीनें देशभर वडिलोपार्जित मिळकतींतही ती मुलाच्या बरोबरीची वांटेकरी झाली. मावशीच्या नांवें एक खोली लिहिल्यावांचून आम्ही सही करणार नाहीं, असें सांगितलें. तासभर वादावादी झाली. अखेर तें मान्य झालें.

मावशी ओसरीवर येऊन हळूच म्हणाली, "अरे, तुमचें घर विकलें तेव्हां तुझ्या बहिणीला काय दिलेंत?"

आम्ही निरुत्तर झालों. तसल्याच कागदावर तिची सही घेऊन आम्ही तिला एक साडी दिली होती. तिनेंही आनंदानें सही केली, असें आम्ही आजवर सर्वांस सांगत आलों होतों.

परततांना आम्ही घरीं गेलों नाहीं. त्या विक्रीचा जुना हिशेब आठवीत प्रथम बहिणीच्या गांवीं उतरलों.