सातवा वार

मुलगी परगांवीं शिकावयास निघाली म्हणजे घरांतील वडील माणसांस एकाएकीं हिशेबाचें वेड लागतें. आम्हीहि त्यास अपवाद ठरलों नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या कन्येस निगडीच्या बाजूस एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, तेव्हां आम्हीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, एक कोरी वही आणून तिच्या पहिल्या पानावर ‘अंदाजपत्रक’ असा ठळक मथळा लिहिला. त्या वहीची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण येत्या पावसाळ्यांत वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशीच एखादी वही उघडली जाईल.

आम्ही साताऱ्याचे. आमचे आजोबा पुण्यास वार लावून जेवले आणि शिकले. सोमवारीं एक घर, मंगळवारीं दुसरें, याप्रमाणें सात दिवसांस सात घरें. गरीब विद्यार्थ्यांची ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती. पुढें अशा मुलांसाठीं संस्था निघाल्या : पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजेच आजचें पुणे विद्यार्थी गृह, आणि आमच्या साताऱ्यांत १९२४ सालीं भाऊराव पाटलांचें वसतिगृह, जेथें सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसत. आजोबांच्या वारांची कथा आमच्या घरीं इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, काटकसर हा आमचा कुलधर्मच होऊन बसला आहे. अंदाजपत्रक लिहितांना आमच्या लेखणीस या कुलधर्माचा थोडा गर्वहि चढला होता, हें आतां कबूल करावें लागतें.

खोली पाहण्यास आम्ही उभयतां मुलीस घेऊन गेलों. स्वारगेटपासून पिंपरीपर्यंत २०२४ सालापासून मेट्रो धांवूं लागली आहे, त्यामुळें प्रवास सुखाचा झाला. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागून कारखान्यांची रांग लागली, आणि कामगारांस घरें हवींत म्हणून १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. तें मंडळ २०२१ सालीं इतर संस्थांत विलीन झालें असलें, तरी निगडी-आकुर्डीकडील क्रमांकाच्या सेक्टरांस लोक अद्यापि ‘प्राधिकरण’च म्हणतात. कामगारांनीं मोठ्या कष्टानें बांधलेल्या तेथील कित्येक घरांवर आतां मजले चढले आहेत, आणि वरच्या खोल्यांतून विद्यार्थी राहतात. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांतून काम शिकणारे तरुणहि तशाच खोल्यांच्या शोधांत असतात. तेव्हां भाड्याची घासाघीस करण्यास आम्हांस फारसा वाव उरला नाहीं.

मुलींसाठींचें शुल्क ही मात्र त्या मानानें हलकी बाजू होती. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानें, ८ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ झालें आहे. परंतु राहणें आणि जेवणें हीं कांहीं त्या माफींत येत नाहींत, आणि खरी ओढाताण तेथेंच होते. आम्हीं पुढीलप्रमाणें आंकडे मांडले : तिघींत मिळून घेतलेल्या खोलींतील मुलीचा वांटा रुपये ६,५००, खानावळ ३,२००, न्याहारी ८००, बसभाडें ४००, वह्या व छायाप्रती ३००, दूरध्वनी ३००. एकूण ११,५००. “याहून एक रुपयाहि अधिक मिळावयाचा नाहीं,” असें आम्हीं मुलीस बजावलें, आणि वर आजोबांच्या वारांची कथा पुन्हां एकदां ऐकविली.

सौभाग्यवतींनीं बादली, तांब्या, गोधडी, कुलूप, मेतकुटाचा डबा आणि डिंकाचे लाडू अशी तयारी केली. मुलगी गेली. रोज रात्रीं तिचा दूरध्वनी येई. आवाज आनंदी असे. जेवलीस काय, असें विचारलें म्हणजे ‘हो’ म्हणे.

दिवाळीस ती घरीं आली तीच मुळीं उतरलेल्या चेहऱ्यानें. अभ्यासाचा शीण असेल, असें आम्ही समजलों. दुसऱ्या दिवशीं तिनें वही आमच्या हातीं दिली. प्रत्येक महिन्याच्या शेवटीं दोन रेघा ओढून तिनें लिहिलें होतें, ‘तूट : नाहीं’. आम्हीं तिची पाठ थोपटली. मग तेंच पान सौभाग्यवतींनीं वाचलें, आणि त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

पहिल्याच महिन्यांत विजेच्या बिलाचा वांटा ३५० आणि कार्यशाळेचा गणवेश व बूट ८५० असे १,२०० रुपये आमच्या अंदाजपत्रकांत नसलेले निघाले होते. मुलीनें ते बरोबर भरून काढिले होते : न्याहारीच्या ८०० वर रेघ, बसच्या ४०० वर रेघ. दुसऱ्या महिन्यांत रेखाचित्रांचें साहित्य आलें आणि पुन्हां त्याच रेघा आल्या. आणि दर आठवड्यास एकदां एक बारीकशी नोंद होती : ‘रविवार रात्र, बिस्किटें, १०’.

“रविवारीं रात्रीं खानावळ बंद असते ना, आई,” मुलगी म्हणाली. “बाबा म्हणाले होते, वर एक रुपयाहि नाहीं.”

पुण्याकडील खानावळींस रविवारीं रात्रीं सुटी असते, ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. चार माणसांस विचारलें असतें तर कोणीहि सांगितली असती. आम्हीं विचारलेंच नाहीं. आजोबांच्या कथेंतील एक भागहि आम्ही सांगावयास नेहमीं विसरत होतों, तो सौभाग्यवतींनीं त्या वेळीं स्मरून दिला. आजोबांस पुण्यास पोहोंचविण्यास आलेले आमचे पणजोबा सहा वार लागल्यावर गांवीं परतले नव्हते. सातवें घर मिळेपर्यंत ते थांबले, आणि मगच निघाले. त्या दरिद्री मनुष्याच्या हिशेबांत सात वार होते. आमच्या सुशिक्षित अंदाजपत्रकांत ते सहाच भरले.

याहूनहि टोंचणारी गोष्ट निराळीच होती. तिच्या शिक्षणासाठींच आम्हीं पूर्वींपासून आवर्ती ठेव ठेविली होती, आणि तिच्यांतून दरमहा आणखी दोन हजार विनासायास निघते. तें आम्हीं मुलीस सांगितलें नव्हतें. पैसा आहे असें कळलें तर मुलगी उधळी होईल, अशी आमची समजूत. पैसा नाहीं असें समजून ती उपाशी राहील, हें मात्र मनांतहि आलें नाहीं.

त्या रात्रीं तिघांनीं मिळून नवें पान घेतलें. या वेळीं लेखणी मुलीच्या हातीं दिली. ठेव अनामत व एकदांच होणारा खर्च, जसा गणवेश, बूट आणि रेखनसाहित्य, हीं तिनें मासिक खर्चापासून वेगळीं काढलीं. विजेचा वांटा आला. रविवारची रात्र आली. न्याहारीवर पुन्हां रेघ ओढावयाची नाहीं, असें तिच्या आईनें समासांत लिहविलें. शेवटीं ५०० रुपये असे धरले कीं ज्यांचा हिशेब तिनें आम्हांस देऊं नये. बेरीज १३,५०० झाली, आणि घरांत किती आहे व किती नाहीं, हेंहि आम्हीं तिला प्रथमच नीट सांगितलें.

वाचकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वसतिगृहाचा चालक भाड्यावर वस्तु व सेवा कर मागूं लागला तर लक्षांत असूं द्यावें कीं, जुलै २०२४ पासून माणशी दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर, सलग ९० दिवस तरी राहावयाचें असल्यास, तो लागत नाहीं. आणि स्वतंत्र खोली घेतली तर करार लेखी व नोंदलेला असावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. परंतु या साऱ्याच्या आधीं, मुलास पोहोंचवून परत फिरण्यापूर्वीं, बोटांवर सात वार मोजावे आणि सातव्या रात्रीं तें कोठें जेवणार, हें त्यासच विचारावें.

परवां रविवारीं रात्रीं मुलीचा दूरध्वनी आला. खोलींतील तिघींनीं मिळून खिचडी केली होती, आणि ती थोडी लागली होती. तें ऐकून आम्हांस इतकें समाधान वाटलें कीं, तिचा हिशेब विचारावयाचें आम्ही साफ विसरून गेलों.