कांताबेनचा चेहरा

भंडारा, रविवार, रात्री उशिरा

आज भाचीसोबत ‘कल हो ना हो’ पुन्हा पाहिला. २००३ साली त्यातली घरकाम करणारी कांताबेन पडद्यावर आली की आम्ही पोट धरून हसायचो. अमन आणि रोहित हे दोघे नायक एका पलंगावर दिसतात, तिचा चेहरा पांढराफटक पडतो. विनोद एवढाच, आणि तोच पुन्हा पुन्हा. भाची हसली नाही. म्हणाली, “मावशी, त्यांचं खरंच प्रेम असतं, तर एवढं घाबरण्यासारखं काय होतं?”

मला आमच्या वर्गातली दोन मुलं आठवली. रोज एका सायकलवर यायची. तो सिनेमा आल्यावर पोरं त्यांना बघून ‘कांताबेन!’ ओरडू लागली. मीही हसले होते. महिन्याभरात दोघं वेगवेगळे येऊ लागले. त्यांच्यात काय होतं, ते कुणी विचारलंच नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मला अजूनही आवडतो. तिथे हसू येतं ते पुरुषांनी घेतलेलं बाईचं सोंग उघडं पडेल या धास्तीचं. लक्ष्मीकांतची पार्वती कुणाच्या प्रेमाची किळस करायला शिकवत नाही. आणि आपल्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार हे लोकनाट्य रंगायचं, तेव्हा पुरुषानेच केलेली बाई बघून आजी पदराने डोळे पुसायची. तिला तो पुरुष आहे हे ठाऊक असायचं.

२०१८च्या ६ सप्टेंबरला समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्या दिवशीही मला ती सायकलच आठवली होती. मागच्या कॅरिअरवर बसलेला तो, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून.