अब्बांची हिशोबाची डिस्क

आमच्या अब्बांचं चिपळूणच्या बाजारात नळ, पाइप, खिळे, रंग यांचं दुकान होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा फळीवरच्या सगळ्या वह्या चिखलात गेल्या. अम्मीने पानं सुटी करून गच्चीवर वाळत घातली, पण कागद वाळला तरी शाई कुठे परत यायला! त्यानंतर अब्बांनी वही हातात धरली नाही. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते कॉम्प्युटरवर हिशोब लिहायला शिकले. पुढे कॉम्प्युटर जुना झाला, तो त्यांनी मोडीत दिला आणि सगळा हिशोब तळहाताएवढ्या काळ्या हार्ड डिस्कमध्ये ठेवला. दुकानातल्या पोराचा लॅपटॉप दुपारी मागून घ्यायचे, डिस्क जोडायचे, लिहायचे आणि ती परत वरच्या मजल्यावर न्यायचे. पुराचं पाणी वर येत नाही, एवढा त्यांचा साधा हिशोब.

डिस्कला ते ‘बॅकअप’ म्हणत. खरं म्हणजे बॅकअप ही दुसरी प्रत असते. इथे पहिली प्रत उरलीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात अब्बांचा इंतकाल झाला. जनाज्याच्या वेळी मोठ्या भावाने रिवाजाप्रमाणे सांगितलं, की मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर आमच्याशी बोलावं. वारसांच्या वाटणीआधी कर्ज फेडायचं, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतं. चार-पाच दिवसांत तिघे आले. दोघांकडे बिलं होती, त्यांचं काम सोपं होतं. तिसरे एक वयस्क गवंडी. ते म्हणाले, “माझे अठरा हजार शेटकडे ठेवायला दिलेले. कागद नाही. त्यांनी कॉम्प्युटरात लिहिलंय.” एवढं बोलून ते चहा न घेताच गेले.

आम्हां भावंडांत त्यावरून दोन तट पडले. मोठा म्हणाला, देऊन टाकू, माणूस चांगला आहे. धाकट्याचं म्हणणं, आज एक आला, उद्या दहा येतील, मग कुणाकुणाला बिनकागदाचं देणार? आपा म्हणाली, आणि जे बिचारे येणारच नाहीत त्यांचं काय? अम्मीने इद्दतीच्या खोलीतून एकच सांगितलं, “आधी ते यंत्र उघडा.”

यंत्र उघडेना. लॅपटॉपला जोडलं की निळा दिवा लागायचा, ‘टुंग’ आवाज यायचा आणि पुढे काही नाही. कधीतरी पडद्यावर चौकट यायची: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. खाली बटण. त्या बटणाबद्दल आम्हांला वाचकांना कळकळीने सांगायचंय. ही चौकट मदतीची भाषा बोलते, पण तिचा अर्थ एवढाच असतो, की कॉम्प्युटरला या डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही, म्हणून ती कोरी समजून नव्याने आखू का असं तो विचारतोय. आतला मजकूर बहुतेक वेळा जागेवरच असतो. ‘रद्द’ दाबायचं आणि पुढचा विचार करायचा.

पुढचा विचार केबलपासून सुरू होतो, कारण ती सगळ्यात स्वस्त गोष्ट. या डिस्कांची चपटी, रुंद पिन लवकर सैल होते. आम्ही दुसरी केबल आणली. मग जागा बदलली. एका पोर्टचे चार करणारा जोड काढून टाकला आणि डिस्क थेट लॅपटॉपला लावली. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त वीज लागते. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, निळ्या रंगाच्या यूएसबी ३ मधून ९००. वीज कमी पडली की डिस्क अर्धवट जागी होते आणि पुन्हा झोपते. घरात मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्यात लावून बघावी. आमच्याकडे या सगळ्याने फरक पडला नाही, पण शेजारच्या एका घरात नुसत्या केबलने काम झालं होतं.

मग आवाज. डिस्क टेबलावर ठेवून कान जवळ न्यायचा. एकसारखी मंद घरघर असेल तर ठीक. टक-टक-टक असा ठोका पडत असेल तर तिथेच थांबायचं, वीज काढायची. आतला वाचणारा काटा धडपडतो आहे, आणि प्रत्येक वेळी चालू करताना नुकसान वाढतं. ती डिस्क फक्त या कामाच्या प्रयोगशाळेत द्यायची, घरी उघडायची तर नाहीच. धुळीचा एक कणही आत पुरेसा होतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला आम्हांला दोन जणांनी दिला. त्याने आत दमट साचतो. कोकणात तर बाहेरचाच दमट पुरे!

आमची डिस्क घरघरत होती. विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली, की ‘डिस्क मॅनेजमेंट’ अशी ओळ दिसते. तिथे डिस्क होती! एक टेराबाइटची, आणि दाखवत होती ९३१ जीबी. धाकटा घाबरला, की बाकीचं गेलं कुठे. गेलं नव्हतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक. याच जागी कधीकधी डिस्क ठणठणीत असते, फक्त तिला अक्षर मिळालेलं नसतं, आणि ते दिलं की लगेच उघडते. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क असेल तर विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही, तिच्यात बिघाड नसतोच. आमच्या डिस्कपुढे मात्र ‘रॉ’ असा शब्द होता, म्हणजे मांडणी ओळखू येत नाही.

मोठ्या भावाने ती शहरातल्या एका दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, “ठेवून जा. फॉरमॅट मारतो, मग डेटा काढून देतो.” फॉरमॅटनंतरही कधीकधी मजकूर निघतो हे खरं, पण आधी विस्कटून मग वेचायचं, हा कसला न्याय? शिवाय आपाने निरोप पाठवला, डिस्क तिथे सोडायची नाही. तीत तिच्या निकाहाचे, घरातल्या बायकांचे, मुलींचे फोटो होते. हा मुद्दा आम्हां भावांच्या डोक्यात आला नव्हता. आपाचं बरोबरच होतं. अनोळखी हातात डिस्क देताना घराचा दरवाजाच उघडा ठेवून येतो माणूस. दुरुस्तीला द्यायचीच वेळ आली, तर आपल्यासमोर काम करणारा शोधावा, निदान लेखी पावती घ्यावी.

रमजानमध्ये आमची भाची पुण्याहून आली. ती कॉम्प्युटरचं शिकते. तिने पहिली गोष्ट सांगितली ती आम्हांला पटायला वेळ लागला: दुरुस्ती नंतर, आधी नक्कल. चेकडिस्क नावाची विंडोजची सोय आहे, तीही नको म्हणाली, कारण ती मूळ डिस्कवरच फेरफार करते, आणि डिस्क आजारी असेल तर तेवढ्या श्रमानेच ती मरू शकते. तिने दोन टेराबाइटची नवी डिस्क आणवली, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप लिनक्सवर चालू केला आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. तो आधी सोपं ते वाचून घेतो, अडलेल्या जागा मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. कुठवर आलो याची नोंद ठेवतो, त्यामुळे लाइट गेली तरी तिथून पुढे जाता येतं. तरावीहनंतर सुरू केलं. सहरीला उठलो तेव्हा निम्म्याहून थोडं जास्त झालं होतं. लॅपटॉप जुना, पोर्ट यूएसबी २ चा. जोहरच्या अजानला संपलं. थोड्याशा जागा वाचता आल्या नाहीत, बाकी सगळं उतरलं.

मूळ डिस्क तिने रुमालात गुंडाळून अम्मीकडे दिली. पुढचं सगळं नकलेवर. दुसरा प्रोग्राम ‘टेस्टडिस्क’, तोही फुकट. त्याने दाखवलं, की मांडणीचं पहिलं पान, ज्याला बूट सेक्टर म्हणतात, तेच खराब आहे. एनटीएफएस या पद्धतीत त्या पानाची एक प्रत अगदी शेवटी ठेवलेली असते. ती तिथून उचलून पुढे बसवली. वहीचं मुखपृष्ठ फाटावं आणि त्याची जोडप्रत मागच्या पुठ्ठ्यात निघावी, तसं. फोल्डर दिसू लागले. ‘दुकान’, ‘घर’, ‘आपा निकाह’, आणि एक ‘हिशोब’.

फाइलमध्ये तीन पानं होती: येणं, देणं, अमानत. अब्बांनी अक्षर अन् अक्षर एका बोटाने टाइप केलेलं, अधूनमधून चुकलेलं. कर्ज लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकराहची २८२ वी आयत ते नेहमी सांगत, ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. तारखेशिवाय एकही ओळ नव्हती. गवंडीचाचांच्या नावापुढे अठरा हजार पाचशे होते. त्यांनी पाचशे कमी सांगितले होते. धाकटा स्वतः पैसे घेऊन त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, पाचशे शेटनी एकदा औषधाला परत दिलेले, लिहायचे राहिले असतील. घेईनात. बराच वेळ दोघांचं चाललं.

‘येणं’चं पान आम्ही अजून नीट वाचलेलं नाही. पुरानंतर उधारीवर माल नेलेली माणसं आहेत त्यात, आणि काही नावांपुढे अब्बांनीच ‘माफ’ लिहून ठेवलंय.

आता फाइलच्या तीन प्रती आहेत. एक नव्या डिस्कमध्ये, एक आपाकडे मुंब्र्याला, एक गूगलच्या जागेत पासवर्ड लावून. भाचीने वर कागदावर छापूनही ठेवली, आणि डिस्क काढण्याआधी ‘सुरक्षित काढा’ दाबायचं असं मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी वर चिकटवली.

‘अमानत’ पानावर एकूण सहा ओळी. पाच फिटल्या. सहावी अशी: ‘कालुस्त्याची मावशी, ७,०००, शिलाई मशीनसाठी जमवते.’ नाव नाही, फोन नाही. मोठा भाऊ एका जुम्म्याला कालुस्त्याला जाऊन मशिदीत विचारून आला. शिवणकाम करणाऱ्या दोघींची नावं कळली. आपा दोघींना भेटली. दोघींनीही सांगितलं, आमचे नव्हेत. एकीने तिसरं नाव सुचवलं आहे, ती सध्या लेकीकडे खेडला गेली आहे, ईदनंतर परत येणार आहे.