बेटावरचा पाक आणि मळमड्डीची चूल

ज्या कुळाचे मूळस्थान चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे, त्या कुळाने घाट चढून काळ्या जमिनीच्या उंबरठ्यावर बिऱ्हाड थाटल्यावर आपल्या पाकपरंपरेतले काय प्राणपणाने जपावे आणि काय निर्धास्तपणे सोडून द्यावे, हा प्रश्न धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. माझ्या सासरचे मूळ गाव मांडवीच्या पात्रातले दिवाडी बेट. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली, तेव्हा या बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालातल्या नार्व्यास गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे त्याचे देऊळ नव्याने उभारविले. देवामागोमाग कुळेही पांगली. त्यांपैकी आमची शाखा मुंबई इलाख्याच्या अमदानीत, आजेसासऱ्यांना कलेक्टर कचेरीत कारकुनी मिळाल्याच्या निमित्ताने, धारवाडास येऊन स्थिरावली. आणि गुरेळाची चटणी नि ज्वारीची भाकरी यांच्या या मुलखात तिने खोबऱ्याच्या वाटणाचा संसार मांडला.

बेटाचा पाक समजून घ्यावयाचा तर आधी त्याची जमीन समजली पाहिजे. दिवाडीच्या सखल भागात खाजनाची शेती आहे. नदीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवून ती जमीन मिळविलेली असते, आणि त्या बांधांत ‘मानशी’ बसविलेल्या असतात, म्हणजे अशी दारे, की भरतीचा रेटा आला असता ती आपोआप मिटावीत आणि ओहोटी लागताच आतले पाणी त्यांनी बाहेर सोडावे. मृगाच्या सरी जमिनीतले मीठ धुऊन नेतात, मग तेथे खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकते. आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की सुंगटे सापडतात, जी धरण्याचा हक्क गावकरी संस्था लिलावाने देत असे. आमच्या घरात ज्याला साधे जेवण म्हणतात, ती उकड्या तांदळाची पेज आणि ते सुंगटांचे हुमण, ही त्या एका बांधाची निष्पत्ती आहे, आणि तो बांध काही मळमड्डीत आणता येत नाही.

मग आणता येते ते काय? माझे मत असे, की आणता येतो तो आंबटाचा विवेक. दिवाडीच्या स्वयंपाकात प्रत्येक जिनसाचा आंबट ठरलेला असतो: खतखत्याला भिरंडाची सोले, ताज्या सुंगटांना चैत्र-वैशाखात कैरी आणि एरवी बिंबल, सासवाला आंबाडे. चिंचेलाही तिचा अधिकार आहे, परंतु तो वाटणाबरोबर शिजायच्या जिनसांपुरता मर्यादित. धारवाडच्या बाजारात चिंच मुबलक, त्यामुळे नव्या सुनेचा हात साहजिकच तिच्याकडे वळतो. पण चिंचेचा कोळ रसाला दाटपणा आणि तांबूसपणा देतो, आणि पुरते शिजल्याखेरीज त्याचा उग्रपणा जात नाही; सोल मात्र अगदी शेवटी टाकायचे असते, ते रस दाट करीत नाही, आणि भांडे चुलीवरून उतरल्यावरही आपला आंबट हळूहळू सोडीत राहते, म्हणूनच सकाळचे खतखते रात्री अधिक गोडी धरते. एकाच्या जागी दुसरे घातले तर पदार्थ बिघडतो असे नाही. पदार्थ बदलतो, आणि नाव मात्र तेच राहते, हे मला अधिक गैर वाटते.

या विवेकाची खरी कसोटी १९५५ साली लागली. त्यापूर्वी दर उन्हाळ्यात कॅसलरॉकच्या घाटाने लोंढ्यावरून येणाऱ्या गाडीतून सोलांची, तिरफळांची आणि उकड्या तांदळाची पोती धारवाडच्या स्थानकावर उतरत. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, गोव्याची सरहद्द बंद झाली, गाड्या थांबल्या, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ती वाट या घराला मिटलेलीच राहिली. सासूबाई तेव्हा नुकत्याच या घरात आल्या होत्या. त्यांनी त्या काळात जे केले ते मी अनेकदा त्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या निर्णयशक्तीचे मला नवल वाटले आहे. गोव्याची वाट बंद झाली तरी कारवार जिल्ह्याची झाली नव्हती. तेव्हा सोले कुमठ्याची आली, तिरफळे घाटातल्या रानांतून आली, तांदूळ हल्याळचा आला, आणि प्रत्येक जिन्नस पारखून त्यांनी तो स्वीकारला. बिंबल मात्र कोठूनच मिळेना. त्याच्या जागी चिंच घालावी असे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही सुचविले, पण सासूबाईंनी ते हुमण करणेच थांबविले. ‘मिळेल तेव्हा करू गो, तोवर दुसरे काही रांधू,’ एवढेच त्या म्हणत. पर्याय असेल तर घ्यावा, नसेल तर पदार्थ थांबवावा, परंतु त्याच्या नावाने दुसरे काही वाढू नये, हा या घराचा शिरस्ता त्या वर्षांत पडला.

त्यांची वही माझ्याकडे आली ती शेर, पावशेर, नवटाक, कुडव या मापांत लिहिलेली. शेर हा गावोगावी निराळा, आणि कोणत्या गावचा ते वहीत कोठेच नाही. तेव्हा त्या रांधीत असताना मी शेजारी तागडी घेऊन बसू लागले, आणि त्यांच्या मुठीतले खोबरे, धणे, मीठ भांड्यात पडण्यापूर्वी पारड्यात घालून त्याची नोंद करू लागले. त्यांना ते प्रथम रुचले नाही, कारण वजनाच्या विचाराने मूठ आखडते असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते. म्हणून पुढे मी मूठ न मोजता, रांधण्यापूर्वीचा डबा आणि रांधल्यानंतरचा डबा तोलून वजाबाकी करीत असे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मुंबई बेटावरच्या पाठारे प्रभूंचा पाक अशाच तपशिलाने लिपिबद्ध झाला आहे. असा ग्रंथ हाती घेतला की एका बाईच्या मागे किती जणींचे हात उभे असतील याचा विचार माझ्या मनात येतो.

तिरफळाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. काटेरी झाडाचे हे फळ वाळल्यावर उकलते, आतली काळी बी टाकून द्यायची असते, आणि उपयोगात येते ते केवळ टरफल. ते पाट्यावर घेऊन वरवंट्याने एकदाच, अलगद, दाबायचे. टरफल तडकले की त्याचा लिंबासारखा, किंचित जीभ बधिर करणारा गंध उठतो, तत्क्षणी ते थोड्या पाण्यात घालायचे आणि ते पाणी टरफलांसह उकळत्या रसात ओतायचे. ‘वाटून घालू नकोस गो, कडू होईल,’ ही ताकीद मी सासूबाईंकडून इतक्यांदा ऐकली, की ती वहीत नाही हे मला पुष्कळ दिवस उमगलेच नाही.

वहीतली ही मौने मला एका शेजारणीमुळे दिसू लागली. त्या कानडी, उत्तम सुगरण. मी नुसती वहीची नक्कल त्यांना दिली आणि माझ्या मदतीवाचून खतखते करून पाहण्यास विनविले. त्यांनी सुरण, रताळे, मुळा, कच्चे केळे, शेंग, तूरडाळ, खोबऱ्याचे वाटण, सारे यथासांग केले, आणि शेवटी मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी दिली. पदार्थ रुचकर झाला. पण खतखत्याला फोडणी नसते. बेटावर हे कुणी लिहीत नाही, कारण तेथे ते कुणाला सांगावे लागत नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक कृतीखाली ‘चालेल’, ‘चालणार नाही’ आणि ‘थांबवावे’ असे तीन रकाने आखले. आणि पाहता पाहता मधला रकाना मूळ कृतीपेक्षाही लांब झाला. पाककृतीची वही आपल्या माणसांसाठी लिहिली की ती अर्धवट राहते. परक्याच्या हाती देण्यासाठी ती लिहावी, म्हणजे सर्व काही लिहिले जाते.

आमच्या आप्तांपैकी काहींना हे देणे मान्य नाही. घराण्याचा पाक घराण्यातच राहावा असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या आस्थेविषयी मला शंका नाही, पण या पाकाची सनद एका घराण्याच्या नावे कधीच नव्हती. श्रावणात आम्ही हळदीच्या पानांत पातोळ्या उकडतो, आणि मळमड्डीच्या आमच्या परसात पहिल्या पावसात फुटलेली हळद तोवर पुरती पानावर आलेली असते. त्याच पातोळ्या दिवाडीवरील ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या सणाला होतात. बेटाचे जे आहे ते बेटावरच्या सर्वांचे आहे, आणि आम्ही त्याचे फार तर वहिवाटदार.

अलीकडे कॅनडात राहणाऱ्या एका पुतणीने विचारले, की तिरफळ मिळत नाही, चिनी दुकानात सेचवान मिरी मिळते, ती घालू का. ही मिरी तिरफळाच्याच जातकुळीतली. बी टाकून टरफल वापरण्याची रीतही तीच. तिने थोडी पाठविली, मी बांगड्याऐवजी वाटाण्याच्या तोणकात ती घालून पाहिली. गंध जवळचा आला, बधिरपणा मात्र तिरफळाहून तीव्र. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे निर्णय मलाच करावा लागला, आणि मी ‘चालेल’च्या रकान्यात लिहिले: तिरफळाच्या निम्मी घ्यावी, चिनी रीतीने भाजू नये, वाटू नये, खतखत्यात घालू नये, कारण तेथे तिला झाकणारा मसाला नसतो. ही नोंद पुतणीला पाठविली आहे, आणि एक नक्कल शेजारणीकडेही, मिरीच्या पुडीसह, करून पाहण्यासाठी दिली आहे.