अंगठा

लेक सहा आठवड्यांची होती तेव्हा आईचा फोन आला. आजीनं अंथरूण धरलंय, जमलं तर पोरीला दाखवून जा. आम्ही टेक्सासात, आजी वाईजवळच्या गावात, आणि पोरीकडे जन्मदाखला सोडला तर कागदाचा कपटा नाही. २०२३ चा मे महिना. पासपोर्टच्या कचेऱ्यांत अर्जांचा ढीग साचलेला, साध्या अर्जाला १० ते १३ आठवडे, वर ६० डॉलर भरले तर ७ ते ९. भरले. दुसरं काय करणार?

तर पहिलं प्रकरण फोटोचं. पांढरी पार्श्वभूमी हवी, फोटोत दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा दिसता कामा नये. आता सहा आठवड्यांच्या बाळाची मान कोण धरणार? दुकानातल्या मुलीनं स्टुलाकडे बोट दाखवलं, मी पिल्लाकडे पाहिलं, आणि आम्ही घरी परतलो. घरात पांढरं काय? तर दुपट्यांसाठी आईनं पाठवलेलं आजोबांचं जुनं मऊ धोतर. त्याच्यावर तिला उताणी निजवली आणि नवरा खुर्चीवर चढून फोटो काढत बसला. चाळीसेक काढले. तान्ह्या बाळाचे डोळे पुरते उघडे नसले तरी चालतात, ही सवलत ज्यानं दिली त्याचं भलं होवो.

१६ वर्षांखालच्या मुलासाठी आई-बाप दोघांनी हजर राहायचं असतं. पोस्टात आमची वेळ ठरलेली. नवऱ्यानं उत्साहाच्या भरात घरूनच सही करून आणली होती. ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. नवा फॉर्म, पुन्हा सगळं भरणं, मागे रांग, मांडीवर रडारड. काउंटरवरच्या बाई मात्र शांत. आमचे निळे भारतीय पासपोर्ट पाहिले, उजवे हात वर करायला लावले, सगळं खरं लिहिलंय अशी शपथ घेतली. मग सही. मूळ जन्मदाखलाही त्याच पाकिटात गेला आणि मला उगाचच धस्स झालं.

खरं धस्स दाखल्यामुळे नव्हतंच. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची वकिलातीत वर्षाच्या आत नोंद केली तर त्याला भारतीय नागरिकत्व मिळू शकतं, पण आई-बापांनी लिहून द्यावं लागतं की याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. ३ डिसेंबर २००४ पासूनचा हा नियम. म्हणजे पोस्टातल्या त्या सहीनं एक दार आम्ही आपल्या हातानं लावून घेत होतो, आणि जिचं दार ती दूध पिऊन झोपलेली. नवऱ्याचं म्हणणं, इथं जन्मली म्हणजे ती इथलीच, तू कशाला जीवाला लावून घेतेस. बरोबर आहे त्याचं. पण बरोबर असलं म्हणून पटतंच असं नाही.

त्या आठ आठवड्यांत मी रोज दोन गोष्टी करायचे. सकाळी अर्जाची स्थिती बघायची, रात्री गावी फोन. फोन लागेपर्यंतची ती रिंग... असो.

पासपोर्ट आला, मग तिचा ई-व्हिसा, आणि जुलै संपता संपता आम्ही गावी पोचलो. धो धो पाऊस. आजी उशीला टेकून बसली होती. पिल्लाला मांडीवर घेतलं, कानामागे काजळाचं बोट लावलं, मग म्हणाली, "त्याचं पुस्तक दाखव." पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "रंग तर आपलाच हाय की. ह्यो पक्षी कसला?"

"गरुड, आजी. तिकडचा."

"मंग ही तिकडचीच झाली म्हण."

मी काही बोलले नाही. तिनंच विषय बदलला. सातबाऱ्याच्या कामाला तलाठ्याकडे गेली की अंगठा उठवायची, आणि शाईचं बोट पदराआड लपवून घरी यायची. पुढे पन्नाशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला बसली आणि सही शिकली, ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं. माझं पाठ आहे, तरी ऐकलं.

परत आल्यावर ऑक्टोबरात पोरीच्या ओसीआय कार्डाचा अर्ज केला. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण जन्मभर व्हिसा मागायला नको. अर्जावर सहीच्या चौकटीत बाळाचा अंगठा. मूठ काही केल्या उघडेना. तीन कागद वाया गेले, शाई तिच्या गालाला, माझ्या कुर्त्याला. शेवटी झोपेत उठवला एकदाचा, वाटाण्याएवढा ठसा.

रात्री आजीला फोनवर सांगितलं. तोवर ती अंगणात हिंडायला लागली होती. खूप हसली.

"म्हंजे अंगठेबहाद्दरच की! घाला आता साळंत तिला."