थोरल्याची बिअर

२०२४ च्या उन्हाळ्यात थोरल्याकडे पोर्टलंडला गेले होते. पोचल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी इस्त्रीचं टेबल शोधायला गॅरेजमध्ये गेले आणि तिथे मला बिअर सापडली. बाटल्या नव्हेत. एक पांढरी प्लास्टिकची बादली, घट्ट झाकण, झाकणाला भोक, भोकात एक वाकडी नळी आणि त्या नळीतलं पाणी दर दोन-तीन सेकंदांनी ‘डुबुक’ करत होतं. बादलीवर निळी चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख. अक्षर थोरल्याचं. ते मी कुठेही ओळखीन, पाटीवर गिरवून मीच घेतलंय.

वाकून वास घेतला. अगदी तो वास नव्हता, पण नात्यातला होता. इस्त्रीचं टेबल तिथेच राहिलं आणि मी वर येऊन गप्प बसले.

हे लिहावं की नाही यात बरेच महिने गेले. वाचणाऱ्यांत निम्मी आपलीच नातेवाईक मंडळी. त्यांना ह्यांच्या पिण्याबद्दल सगळं माहीत आहे आणि ज्यांना माहीत आहे त्यातलं कुणीही आजवर माझ्याशी त्यावर एक शब्द बोललेलं नाही. मीही नाही. आता हे जाऊन एकोणीस वर्षं झाली, मी पंचाहत्तरीत आले. कुणाला वाईट वाटलं तर मला फोन करा, पण थोरल्याला काही विचारू नका.

लोणंदला आम्ही बदलीवर आलो आणि इथलेच झालो. मी शाळेत बाई. शाळेच्या प्रभातफेऱ्या निघायच्या, त्यात व्यसनमुक्तीच्या घोषणा असायच्या, आणि त्या मुलांना पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे. संध्याकाळी आमच्या घरी काय असायचं ते शेजारणींना भिंतीतून ऐकू जायचं. आधी हे हातभट्टीची घ्यायचे, काळा गूळ आणि नवसागराची. पुढे पगार वाढला तशी देशीची बाटली आली. ती पिठाच्या डब्यामागे असायची आणि मला माहीत नाही असं धरून चालायचं. मी रोज सकाळी ती बाहेर काढून बघायची, किती उतरलीय. एकदा पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती. त्याने काय साधलं देव जाणे, पण मोजल्याशिवाय मला चैन पडत नसे.

असो. बादलीकडे येते.

रात्री जेवताना मी सरळच विचारलं. सूनबाई हसली, म्हणाली, “आई, तो महिन्यातून एकदा करतो, पाच लिटर. निम्मी तर मित्रांना वाटतो.” थोरला काही बोलला नाही. मग म्हणाला, “शनिवारी करणार आहे. बघायची असेल तर बस.” मी म्हटलं, हे कायद्याने चालतं का? चालतं म्हणे. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. वर्षाला माणशी शंभर गॅलन, घरात दोन प्रौढ असले तर दोनशे. विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तरीही २०१३ पर्यंत परवानगी दिली नव्हती. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे आणि विनापरवाना घरी करणं हा गुन्हाच. पुण्यात २००९ साली ‘दुलाली’ निघाली, तिथे गाळ्यातच बिअर तयार करून पाजायचे, पण ते परवान्यावर. तेव्हा पुढचं वाचून भाचे मंडळींनी प्रयोग करायचे नाहीत.)

शनिवारी सकाळी मी नातवाला दूध देऊन ओट्याजवळ स्टुलावर बसले. मनात होतं, दहा मिनिटं बसू आणि डोकं दुखतं म्हणून उठू.

त्याने सव्वा किलो जव काढले. जव म्हणजे आपले सातू, पण साधे नव्हेत, मोड आणून वाळवलेले. मी चार दाणे तोंडात टाकले. कुरकुरीत आणि गोडसर. चव ओळखीची वाटली आणि मग आठवलं, ही तर नाचणीच्या सत्त्वाची चव! आमच्या आई नाचणी भिजवून फडक्यात बांधायच्या, मोड आले की सावलीत वाळवून, जरा भाजून दळायच्या. तान्ह्या बाळांना तेच. थोरला स्वतः त्याच्यावर वाढलाय. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, “तेच तर आहे, आई. मोड येताना दाण्यातलं पाचक द्रव्य जागं होतं आणि पिठाची साखर करायला लागतं. झाडाने कोंबासाठी केलेली सोय, मधल्यामध्ये आपण पळवायची.”

मग भरडणं. दळायचं नाही हं, भरडायचंच. दाणा फुटला पाहिजे पण टरफल शाबूत राहिलं पाहिजे, नाहीतर पुढे सगळा लगदा होतो. छोटी हाताने फिरवायची लोखंडी गिरणी होती. ती मात्र मी त्याच्या हातातून घेतली. जात्यावर भरडलेल्या बाईला गिरणी काय सांगता!

मोठ्या पातेल्यात नऊ लिटर पाणी, एकाहत्तर अंशांवर तापवलेलं. त्यात जाळीदार कापडाची पिशवी सोडली आणि पिशवीत भरडा. थंड दाणे पडले की पाणी बरोबर सदुसष्टवर येतं. एवढं काय अंश-अंश करायचं, मी म्हटलं. तर त्याने समजावलं की बरंच वर गेलं तर ते पाचक द्रव्य मरतं, थोडंसं वर राहिलं तर न आंबणारी साखर जास्त होते आणि बिअर जड लागते, खाली राहिलं तर पातळ. एक तास तसंच ठेवायचं. उष्णता जाऊ नये म्हणून त्याने कपाटातून एक गोधडी आणून पातेल्याला गुंडाळली. माझी गोधडी! नातवाच्या बारशाला माझ्या जुन्या लुगड्यांची शिवून पाठवलेली. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू का, ऊब टिकवायला गोधडीच लागते.

आणि एक तास करण्यासारखं काही नव्हतं.

तो तास माझ्यासाठी फार मोठा होता. सूनबाई नातवाला घेऊन बागेत गेलेली. थोरला पातेल्याला टेकून उभा, हातात तापमापी. आणि माझ्या तोंडून ते निघालं, जे मी चाळीसएक वर्षं दातांमागे धरलं होतं.

हे संध्याकाळी घरी आले नाहीत की मी थोरल्याला पाठवायची. स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला तो अड्डा होता. पोर नऊ-दहा वर्षांचं. शाळेतली बाई स्वतः अड्ड्यावर कशी जाणार, लोक काय म्हणतील, मुलांनी पाहिलं तर उद्या वर्गात कशी उभी राहणार, हा माझा हिशोब. म्हणून पोराला पाठवायचं. कंदील द्यायची त्याच्या हातात. तो जायचा, आणि तासा-दीड तासाने वडिलांचा हात धरून घेऊन यायचा. एकदाही नाही म्हणाला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बहिणीलासुद्धा नाही.

मी विचारलं, “मी तुला तिकडे पाठवायची, तुला माझा राग आला नाही का रे कधी?”

त्याने तापमापी बघितली. म्हणाला, “सहासष्ट. एक अंश उतरलं.” गोधडी जरा घट्ट केली. मला वाटलं, विषय संपला.

मग म्हणाला, “तिथे बसायला मला आवडायचं, आई. तिथला म्हातारा मला फुटाणे द्यायचा. भीती परत येताना वाटायची. रूळ ओलांडायला लागायचे ना. दादा मध्येच उभे राहायचे, गाडीचा दिवा दिसला तरी हलायचे नाहीत. मी ओढायचो.”

रुळांचा विचार मी कधीच केला नव्हता. इतकी वर्षं मी अड्ड्याला घाबरले, तिथल्या माणसांना घाबरले, शिव्या त्याच्या कानावर पडतील म्हणून झुरले. पुणे-मिरज गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या. आणि रूळ डोक्यात आले नाहीत.

मी काय बोलले ते लिहीत नाही. तोही काही फार बोलला नाही. त्याने एका पांढऱ्या बशीत पातेल्यातला थेंब घेतला आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. ही परीक्षा मीच मुलांना बटाट्यावर करून दाखवायची. पिष्ट असेल तर निळं-काळं. सुरुवातीला त्याने दाखवला तो थेंब शाईसारखा काळा झाला होता. आता तपकिरीच राहिला. सगळ्या पिठाची साखर झालेली. “चाखून बघ,” म्हणाला, “अजून ही दारू नाही.” चमच्यात घेऊन चाखलं. काकवीत पाणी घालून नाचणी शिजवावी तसं काहीतरी. मला आवडलं. मी दुसरा चमचा मागून घेतला.

पिशवी उचलून निथळली. चोथा तो टाकणार होता. मी टाकू दिला नाही. त्यात बेसन, कांदा, तिखट, ओवा घालून थालीपिठं लावली. टरफल जरा दातांत येतं, पण नातवाने दोन खाल्ली.

पातेलं उकळायला लागलं तसा वर करडा फेस आला, गुऱ्हाळात काहिलीवर मळी येते तसा. नशीब, बाहेर उतू गेलं नाही. मग त्याने हॉप्स काढल्या. ही एका वेलाची फुलं, मादी वेलाची, हिरव्या कळीच्या घोसासारखी, आणि पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी. कडूपणा आणि वास त्या भुकटीतला. वेल गांजाच्या कुळातला आहे हे त्याने हसत सांगितलं आणि मी हसले नाही. त्याने घेतल्या होत्या त्या कॅस्केड जातीच्या, त्याच्याच ओरेगॉन राज्यात तयार होऊन १९७२ साली शेतकऱ्यांना दिलेल्या. चुरडून हुंगल्या तर पपनसाच्या सालीचा वास! दहा ग्रॅम सुरुवातीला, कारण कडूपणा तासभर उकळल्याशिवाय नीट उतरत नाही. दहा ग्रॅम शेवटची दहा मिनिटं राहिल्यावर, पंधरा ग्रॅम गॅस बंद केल्यावर. उशिरा घातलेल्याचा वास राहतो, आधीच्याचा उडून जातो. आपण फोडणीचा कढीपत्ता आणि वरची कोथिंबीर वेगळी धरतो ना, त्यातलंच.

या जातीच्या बिअरच्या नावात ‘इंडिया’ कशी आली हे मी विचारलं. इंग्लंडहून जहाजांतून हिंदुस्थानात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, त्या टिकवण्याचं काम करतात, म्हणून ‘इंडिया पेल एल’. पण खास हिंदुस्थानासाठी शोध लावला ही दंतकथा, असं तो म्हणाला. आणि ती प्यायचे मुख्यतः साहेबलोक, साध्या गोऱ्या शिपायांना काळी पोर्टर. म्हणजे तिथेही पंगत वेगळीच!

उकळी थांबली की मात्र कडक सोवळं. पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बसवलं आणि तिथून पुढे बादली, झाकण, नळी, चमचा, सगळं जंतुनाशकात बुडवल्याशिवाय हात लावायचा नाही. मला दोनदा ओरडा बसला. पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं ते हे बाहेरचे जंतू शिरून ती का बिघडते यावरच. वीस अंशांवर आल्यावर विरजण, म्हणजे कोरडं यीस्ट, अर्धं पाकीट. घनता मोजली, १.०५०. आंबून ती १.०१० वर आली की साधारण सव्वापाच टक्के मद्यार्क. हे सगळं तो एका वहीत लिहितो. वही उलटून पाहिली. पाच वर्षांच्या नोंदी, किती केली, किती उरली, कुणाला किती दिली. आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक आकडा, स्वतः किती प्यायला त्याचा. मी वही मिटून जागेवर ठेवली.

दोन आठवड्यांनी बाटल्या भरल्या. लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालून बूच मारायचं, त्यावर आत पुन्हा थोडं आंबतं आणि फेस धरतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटते. साखर मी तोलली. बारा बाटल्या झाल्या. त्या उघडायला आणखी दोन आठवडे होते आणि माझं विमान त्याआधी होतं, त्यामुळे मी ती चाखली नाही. राहिले असते तरी चाखली असती असं वाटत नाही.

लोणंदला आल्यावर एका रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची रात्र. त्याने पहिली बाटली उघडली होती. फेस पांढरा, रंग आपल्या गवती चहासारखा. मी विचारलं, कशी झालीय? म्हणाला, “कडू. पुढच्या वेळी सुरुवातीच्या हॉप्स कमी करीन.”

“किती प्यायलास?”

“एक.”

मी काही बोलले नाही. त्यानेच फोन फिरवून गॅरेजमधली फळी दाखवली. बाटल्या रांगेने उभ्या होत्या. मी मोजल्या. अकरा होत्या.