अ‍ॅम्प सुधारावा की नवा घ्यावा?

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जी नीट चालते, पण मनासारखी चालत नाही. ती मोडली असती तर प्रश्न सोपा होता. दुरुस्त केली असती किंवा काढून टाकली असती. पण धडधाकट वस्तू मनात उतरत नसेल, तर काय करायचं?

माझ्याकडे ही वस्तू म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. त्यात थोडे बदल करून घ्यावेत, की तो विकून एखाद्या कारागिराने हाताने जोडलेला महागडा अ‍ॅम्प मागवावा, या एका प्रश्नात माझे निवृत्तीनंतरचे सहा महिने गेले. गिटारशी तुमचा संबंध नसला तरी वाचा. हा प्रश्न नुसत्या गिटारचा नाही.

आधी थोडी ओळख. आम्ही रायपूरचे, तात्यापाऱ्यातले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं इकडे येत राहिली, त्यांतलंच आमचं एक घर. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि भाजी घेताना छत्तीसगढी, अशी आमची भाषा. रेल्वेतली नोकरी सांभाळून मी ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गणपतीचे दहा दिवस रोज कुठे ना कुठे कार्यक्रम असे. भूपिंदर सिंग यांनी 1971 च्या ‘दम मारो दम’मध्ये वाजवलेली गिटार लोक हमखास मागायचे. तेव्हाचा माझा अ‍ॅम्प इथल्याच एका रेडिओ मेकॅनिकने जोडून दिलेला होता. तो घरघरायचा, तापायचा, पण वाजायचा.

मी निवृत्त झालो तेव्हा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने मला फेंडर कंपनीचा ‘65 डिलक्स रिव्हर्ब’ आणून दिला. 19 किलो वजनाची ती पेटी तिने रजईत गुंडाळून विमानातून आणली. अमेरिकेतला अ‍ॅम्प 120 व्होल्टवर चालतो, आपल्याकडे 230 व्होल्ट असतात, म्हणून मुद्दाम युरोपातलं मॉडेल घेतलं होतं. त्यासाठी ती वर्षभर पैसे साठवत होती, हे मला तिच्या आईकडून नंतर कळलं.

हा अ‍ॅम्प म्हणजे ‘रीइश्यू’. साठच्या दशकातलं गाजलेलं मॉडेल कंपनीने 1993 पासून पुन्हा बनवायला घेतलं. ट्रान्झिस्टर नाहीत, जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह आहेत, एकूण नऊ. ताकद 22 वॉट, स्पीकर 12 इंची. फरक इतकाच, की मूळ अ‍ॅम्पमध्ये आतली जोडणी हाताने केलेली असे, रीइश्यूमध्ये छापील सर्किट बोर्ड असतो.

माझी तक्रार अशी होती : घरात हळू वाजवला की त्याचा आवाज टोचायचा. वरच्या दोन तारा कानात सुई घातल्यासारख्या लागायच्या. आवाज वाढवला की तो गोड आणि भरदार व्हायचा खरा, पण तोवर शेजारच्या काकू गॅलरीत आलेल्या असायच्या. 22 वॉट ऐकायला कमी वाटतात, पण व्हॉल्व्हचे 22 वॉट तात्यापाऱ्याच्या गल्लीला पुरून उरतात!

मग मी ‘बुटिक’ अ‍ॅम्पची माहिती काढू लागलो. बुटिक म्हणजे छोट्या कार्यशाळेत, एकेक करून, हाताने जोडलेले अ‍ॅम्प. चांगला अ‍ॅम्प घ्यायचा तर तीन हजार डॉलर सहज लागतात, म्हणजे अडीच लाखांच्या वर. वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं. निवृत्तीचे पैसे बँकेत होते. मन म्हणत होतं, आता नाही तर कधी?

पण या अ‍ॅम्पचा इतिहास वाचताना एक गंमत लक्षात आली. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1938 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं आणि तिथूनच पुढे अ‍ॅम्प बनू लागले. 1962 मध्ये लंडनमधले वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, तो फेंडरच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून. कॅलिफोर्नियातला रँडल स्मिथ फेंडरच्या ‘प्रिन्स्टन’ या छोट्या अ‍ॅम्पमध्ये फेरफार करून द्यायचा, त्यातून ‘मेसा बूगी’ हे नाव उभं राहिलं. ज्याचे अ‍ॅम्प आज लाख डॉलरच्या वर विकले जातात, त्या अलेक्झांडर डंबलचं काम तर वादकासमोर बसून, त्याचं वाजवणं ऐकून चालायचं.

म्हणजे ज्याला आपण बुटिक म्हणतो, तो बऱ्याचदा कुणाच्या तरी कानाला पटेल असा सुधारलेला जुनाच अ‍ॅम्प असतो. प्रश्न असा, की तो कान कुणाचा? माझा, की हजारो मैलांवरच्या कारागिराचा?

हे मी घरात बोलून दाखवलं. आमच्या सौ. गातात. त्यांच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. तुम्हाला माहीत असेल, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिकलगार घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षं हे काम तिथे जपलं आहे. त्या तानपुऱ्याची घोडी झिजली, आवाज बसका झाला, की जवारी काढून घ्यावी लागते. कारागीर घोडीचा माथा अगदी हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. वाद्य तेच, पण आवाज उघडतो.

सौ. म्हणाल्या, “अहो, माझी जवारी बिघडली म्हणून आपण तानपुरा विकतो का? आधी तुमच्या पेटीची जवारी कुठे आहे ते शोधा.”

मी अ‍ॅम्प घेऊन एका जुन्या मेकॅनिकदादांकडे गेलो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेले व्हॉल्व्ह रेडिओत बसवण्यात त्यांचं तरुणपण गेलेलं. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि एकच विचारलं, “साहब, इसमें बिगड़ा क्या है?”

उत्तर मला चटकन देता येईना. ‘मजा येत नाही’ ही काही तक्रार नव्हे. घरी येऊन मी कागदावर लिहिलं : एक, हळू आवाजात टोचतो. दोन, सूर लांबत नाही. बस, तिसरी तक्रार सापडलीच नाही. कागदावर लिहिल्यावर अडीच लाखांचा प्रश्न दोन ओळींचा झाला.

मग फुकटच्या गोष्टी आधी करून पाहिल्या. या अ‍ॅम्पला दोन चॅनेल असतात. मी नेहमी दुसऱ्यात वाजवायचो, कारण रिव्हर्ब म्हणजे घुमारा त्यातच आहे. त्या चॅनेलच्या आवाजाच्या बटणावर एक चिमुकला कपॅसिटर असतो, 47 पिकोफॅरडचा. आवाज कमी असताना तो वरचे सूर जास्त पुढे जाऊ देतो. आवाज वाढवला की त्याचा परिणाम कमी होतो. माझी पहिली तक्रार अगदी हीच होती! पहिल्या चॅनेलमध्ये तो कपॅसिटर नाही. तिथे वाजवलं तर टोचणं निम्म्याने कमी झालं. पण घुमारा गेला, आणि घुमाऱ्याशिवाय जुनी गाणी कोरडी वाटतात.

पुढची परीक्षा एका रविवारी झाली. ओळखीतल्या एका तरुण वादकाकडे हाताने जोडलेला परदेशी अ‍ॅम्प होता. तो घेऊन घरी आला. एकच गिटार, एकच गाणं, आलटूनपालटून दोन्ही अ‍ॅम्प. त्याचा अ‍ॅम्प सरस होता, यात शंका नाही. सूर लोण्यासारखा निघायचा. मग आम्ही अ‍ॅम्प बंद करून माझ्या अ‍ॅम्पला त्याचा स्पीकर जोडला. दोन्ही 8 ओहमचे होते, म्हणून हे करता आलं. पुन्हा वाजवलं. सौ. आत पोहे करत होत्या. तिथूनच विचारलं, “आता कोणता लावलाय?”

त्यांना फरक सांगता आला नाही. मला आला, पण थोडाच. बहुतेक फरक स्पीकरचा होता.

एक अडचण मात्र उरली होती. अ‍ॅम्प मुलीची भेट होती. वर्षभर साठवून आणलेली वस्तू उघडायची, तिच्यातला भाग काढायचा, हे तिला कसं सांगायचं? विकणं तर त्याहून कठीण. फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, जुना स्पीकर फक्त टाकू नका. आणि बदलल्यावर वाजवून पाठवा.” ते गप्प राहणं मला पुष्कळ काही सांगून गेलं. मी मनाशी ठरवलं, जे परत पहिल्यासारखं करता येणार नाही, असं काहीही या पेटीत करायचं नाही.

दादांनी मऊ आवाजाचा, 50 वॉट पेलणारा 12 इंची स्पीकर बसवला. त्या कपॅसिटरचा एकच पाय बोर्डावरून सोडवला. तो अजून तिथेच आहे, हवा तेव्हा पुन्हा जोडता येईल. जुना स्पीकर खोक्यात घालून माळ्यावर ठेवला, वर तारीख घातली. बँकेतल्या पैशांना फारसा धक्का लागला नाही.

आता अ‍ॅम्प अगदी मनासारखा झाला का? टोचणं गेलं. सूर मात्र हळू आवाजात अजूनही हवा तितका लांबत नाही. 22 वॉटच्या अ‍ॅम्पचा तो स्वभावच आहे, तो जोरात वाजवल्यावरच खुलतो. एवढं मी स्वीकारलं आहे.

याचा अर्थ बुटिक घेऊ नये, असा मुळीच नाही. तुम्ही रोज मंचावर वाजवत असाल, तुम्हाला हवा तो आवाज वेगळ्याच सर्किटचा असेल, किंवा घरात वाजवण्यासाठी पाचेक वॉटचाच अ‍ॅम्प हवा असेल, तर फेरफारात पैसे घालू नका. केलेल्या बदलांचे पैसे विकताना परत येत नाहीत. आणि हातजोडणीच्या अ‍ॅम्पचा एक मोठा गुण आहे : आतली प्रत्येक तार दिसते, त्यामुळे जुना मेकॅनिकही तो दुरुस्त करू शकतो. पण विकत घेण्याआधी तो स्वतःच्या गिटारवर, स्वतःच्या खोलीत ऐका. नुसत्या कौतुकावर लाखांचा निर्णय घेऊ नका.

एक इशारा मात्र सर्वांसाठी. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. आत 400 व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये साठून राहू शकते. जाणकाराकडेच न्या. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालूही करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आमच्या रायपूरसारखी उन्हाळ्यात वीज खालीवर होत असेल, तर सगळ्यात आधी एक चांगला स्टॅबिलायझर घ्या.

तुमच्या घरातली ती वस्तू कोणती आहे, मला माहीत नाही. शिलाई मशीन असेल, स्कूटर असेल, आजोबांची बाजाची पेटी असेल. ती बदलायचं मनात आलं, तर दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि तिच्यात नेमकं काय खटकतं ते लिहा. दोनच ओळी झाल्या, तर आधी तुमच्या गावातला एखादा जुना मेकॅनिक गाठा.